लकी ड्रॉचं कूपन भरताना आपला नंबर कुठे जातो?

गोरेगाव स्टेशनवरून आरेकडची बस पकडायला निघालं की मॉलच्या दाराशी, पेट्रोल पंपावर कुणीतरी कूपनांचं पॅड पुढे करतं. "ताई, फक्त नाव आणि नंबर. पहिलं बक्षीस स्कूटी." आम्हीही अशी कूपनं भरली आहेत. फुकटात आपलं जातंय तरी काय, असंच तेव्हा वाटतं. आठवडाभराने फोन सुरू होतात. कुणी कर्ज देऊ करतं, कुणी कर्जतजवळ प्लॉट. एक फोन हमखास येतो: "तुम्हाला तीन दिवसांची सहल लागली आहे, भेटवस्तू घ्यायला नवरा-बायको दोघांनी जोडीने या." तिथे गेल्यावर दोन तास सुट्ट्यांच्या सदस्यत्वाची विक्री ऐकावी लागते.

स्कूटी एकालाच मिळते, कधी तीही मिळत नाही. पण पेटीतल्या प्रत्येक कूपनावरचा नंबर कामाला येतो. ड्रॉ भरवणाऱ्याची खरी कमाई ती यादीच असते. मिस्ड कॉल देऊन भाग घ्यायचा असेल तर त्यांचं काम आणखी सोपं होतं, कारण नंबर चालू आहे हे आपणच सिद्ध करून देतो.

आपल्या वस्त्यांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे आणि तिच्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. पत्त्याच्या रकान्यात आपण सवयीने "बुद्ध विहाराजवळ" किंवा "भीमनगर" असं लिहितो. जातीचा रकाना नसतानाही कूपन जात सांगून जातं. नाव, नंबर, जात आणि वस्ती एकाच ओळीत आली की ती यादी फक्त विक्रेत्यालाच हवी असते असं नाही. निवडणुकीच्या हंगामात "खेळ पैठणीचा"सारख्या कार्यक्रमांत मतदार ओळखपत्राचा क्रमांक मागितला जातो. पैठणीसाठी तो कशाला लागतो, हे विचारायला हवं.

आरेत तर घराचा प्रश्न आहे. दुग्ध वसाहतीच्या युनिटांत आणि पाड्यांत राहणारी माणसं वर्षानुवर्षे पुनर्वसनाची चर्चा ऐकत आली आहेत. अशा ठिकाणी कुणी "घरांच्या योजनेचा ड्रॉ आहे, आधारची झेरॉक्स आणि मोबाईल नंबर द्या" म्हटलं की रांग लागते. ऑगस्ट २०२४ मध्ये म्हाडाच्या मुंबई मंडळाने २,०३० घरांची सोडत जाहीर केली, त्यात पहाडी गोरेगावची घरंही होती. त्याच सुमारास म्हाडाच्या संकेतस्थळासारखंच दिसणारं बनावट संकेतस्थळ उघडकीला आलं आणि म्हाडाला पोलिसांकडे जावं लागलं. या सोडतीत अनुसूचित जातींसाठी ११ टक्के आरक्षण असतं. म्हणजे आपला अर्जदार जातीचा दाखला, आधार, पॅन असं सगळंच देतो. चुकीच्या जागी दिलं तर काय काय हाती पडेल, याचा विचार करा. म्हाडाने सोडतीसाठी कुणीही दलाल नेमलेला नाही, हे ती प्रत्येक वेळी सांगते. मग वस्तीत फॉर्म वाटणारा माणूस कोणाचा?

आता फोनचं बघू. ज्या नंबरावर बँक, यूपीआय आणि आधार जोडलेलं आहे, तो कूपनावर लिहायचाच नाही. घरात जुना बटणाचा फोन असेल तर त्यात दुसरं सिम घालून तो नंबर ड्रॉ, दुकानं, प्रदर्शनं यांसाठी ठेवावा. मात्र हे सिम बंद पडू देऊ नका. बंद झालेला नंबर ९० दिवसांनंतर दुसऱ्याला मिळू शकतो. आमची एक छोटी युक्ती आहे: प्रत्येक ठिकाणी नावापुढे वेगळं अक्षर लावायचं. पुढे फोनवर कुणी त्याच अक्षरासकट नाव घेतलं की यादी कुठून फुटली ते कळतं.

कूपनाऐवजी क्यूआर कोड असेल तर जास्त सांभाळा. त्यातून फॉर्म उघडला तर ठीक, ॲप उतरवायला सांगितलं तर थांबा. व्हॉट्सॲपवर आलेली एपीके फाइल तर उघडूच नये. बक्षिसाच्या ॲपला आपले संपर्क आणि एसएमएस वाचायची परवानगी कशाला हवी? एसएमएस वाचता आले की ओटीपीही वाचता येतो. आणि संपर्क दिले तर आपल्याबरोबर बहिणीचा, वहिनीचा, विहारातल्या सगळ्यांचा नंबर जातो.

"कौन बनेगा करोडपती"च्या नावाने २५ लाख लागल्याचा संदेश अजून फिरतो, बऱ्याचदा +९२ या पाकिस्तानच्या कोडवरून. ज्या ड्रॉमध्ये भाग घेतला नाही त्याचं बक्षीस लागत नाही, इतकं सगळ्यांना कळतं. फसवणूक होते ती पुढच्या वाक्यात: "आधी कर भरा." यात अर्धं खरं आहे, म्हणून माणूस फसतो. दहा हजारांवरच्या बक्षिसावर ३० टक्के कर लागतो. पण रोख बक्षीस असेल तर देणाराच तो कापून उरलेली रक्कम देतो. वस्तू असेल तर ती हातात देण्याआधी कर भरला जातो, त्याची पावती मिळते, आणि तो कुणाच्या खासगी यूपीआयवर जात नाही. शिवाय पैसे मिळवायला पिन कधीच टाकावा लागत नाही.

कायदा आपल्या बाजूने आहे, पण हळू चालतो. खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचं सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी सांगितलं. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानुसार माहिती कशासाठी हवी ते सांगूनच संमती घ्यावी लागते, आणि ती सूचना मराठीतही मागता येते. कामापुरतीच माहिती घेता येते. कायद्यातच उदाहरण आहे: डॉक्टरी सल्ल्याच्या ॲपला फोनमधल्या संपर्कांची गरज नाही, म्हणून रुग्णाने हो म्हटलं तरी ती संमती संपर्कांना लागू होत नाही. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, कंपन्यांवरची मुख्य बंधनं त्यानंतर १८ महिन्यांनी लागू होतील. बिलासाठी मोबाईल नंबरचा आग्रह धरू नका, असं ग्राहक व्यवहार खात्याने मे २०२३ मध्येच दुकानदारांना बजावलं आहे.

नंबर आधीच गेला असेल तर १९०९ वर इंग्रजी अक्षरांत "स्टार्ट ०" असा एसएमएस पाठवा, जाहिरातींचे फोन कमी होतात. संशयास्पद फोनची तक्रार संचार साथीवरच्या "चक्षु"मध्ये करता येते. आपल्या नावावर किती सिम आहेत, तेही तिथेच दिसतं. पैसे गेले असतील तर त्याच क्षणी १९३०, कारण पैसे पुढच्या खात्यात जायच्या आत अडवता आले तरच परत मिळण्याची आशा असते.

राहिला आपल्याच मंडळांचा ड्रॉ. जयंतीला, महिला मंडळाच्या कार्यक्रमाला आपणही कूपनं भरून घेतो, आणि ती महिनोन्‌महिने विहाराच्या कपाटात पडून असतात. खरं तर एकच क्रमांक दोनदा छापलेलं जुनं पुस्तक पुरतं. अर्धं तिकीट फाडून पेटीत टाकायचं, अर्धं माणसाच्या हातात द्यायचं. क्रमांक पुकारला की ज्याच्याकडे तो अर्धा तुकडा आहे तो पुढे येतो. नाव, पत्ता, मोबाईल काहीच लागत नाही.