सणाचा मासा : आधी खवले पाहावेत

रायगड जिल्ह्यातील मराठीभाषक बेने इस्राएल समाज शनिवारी तेलाचा घाणा बंद ठेवी, म्हणून त्याला ‘शनवार तेली’ म्हणत. त्यांचा ‘नव्याचा सण’ सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये येतो. 1 जून ते 31 जुलै ही मासेमारीबंदी तोवर संपलेली असते आणि नारळाच्या रसातील कालवणासाठी मासळीची कमतरता नसते. प्रश्न निवडीचा असतो. पर आणि खवले, दोन्ही असलेलाच मासा त्यांना चालतो. कोळंबी, खेकडे, माकूल, खवलेरहित शिंगाळा वर्ज्य. रावसाचे खवले सहज दिसतात. पापलेटचे मात्र बारीक असून हाताळणीत गळतात, तेव्हा परांजवळ व शेपटीजवळ न्याहाळावे. कल्ले लालभडक, डोळे फुगीर, दाबलेले मांस लगेच पूर्ववत होणारे, ही ताजेपणाची लक्षणे.

बेंगळुरूच्या महादेवपुरासारख्या सागरापासून दूरच्या वस्तीत समुद्री मासळी बर्फातून लांबचा प्रवास करून पोहोचते. तेथे ठळक खवल्यांचा, तळ्यातील रोहू वा कटला हा उत्तम पर्याय होय. मात्र मासा अखंडच घ्यावा आणि आपल्यासमोर साफ करून घ्यावा. कातडी काढलेल्या तुकड्यांवरून ना जात ओळखता येते, ना ताजेपणा.