जोडीनं नेम धरायचा खेळ

हाफ-टर्मची सुट्टी लागली की आपल्यातली बरीच कुटुंबं ब्रायटन नाहीतर ब्लॅकपूल गाठतात. वारा झोंबायला लागला की मुलं आर्केडमध्ये शिरतात आणि आईबाबा बाहेर चिप्स खात मोबाइलमध्ये. या वेळी तुम्हीही आत जा. दोन बंदुका लावलेलं मशीन शोधा आणि त्यातली एक उचला.

आधी त्या बंदुकीची गंमत सांगतो. तिच्यातून गोळी सुटत नाही, उलट प्रकाश आत येतो. जुन्या, फुगीर काचेच्या पडद्यावर एक झोत ओळीमागून ओळ असं चित्र रेखाटायचा, सेकंदाला साधारण ६० वेळा. चाप ओढला की पडदा क्षणभर उजळायचा. बंदुकीतल्या सेन्सरला तो झोत नेमका कधी दिसला, त्या वेळेवरून नेम कुठे होता ते मशीन ओळखायचं. म्हणजे जागा शोधायची ती चक्क घड्याळावरून! सपाट पडद्यात असा झोत नसतो. म्हणून बऱ्याच नव्या मशीनांत पडद्याभोवती इन्फ्रारेड दिवे असतात आणि बंदुकीतला छोटा कॅमेरा ते बघून दिशा काढतो. तेव्हा नळी पडद्याला टेकवू नका, जरा मागे उभे राहा.

जत्रेत छर्‍याच्या बंदुकीनं फुगे फोडताना आपण एक डोळा मिटून माशी जुळवायचो. इथे दोन्ही डोळे उघडे हवेत, कारण कडेनं कोण येतंय तेही दिसायला हवं.

जोडीसाठी माझी पहिली पसंती नामकोच्या 'टाइम क्रायसिस २'ला. १९९७ सालचा खेळ, पण बांधणी बघा. शेजारी-शेजारी दोन पडदे, दोन बंदुका आणि प्रत्येकाच्या पायाशी एक पेडल. पेडल दाबलं की आडोशातून बाहेर, सोडलं की लपलात आणि गोळ्या भरल्या. गोळ्या फक्त नऊ. लपून बसावं तर वर घड्याळ पळतंय. दोघं वेगवेगळ्या जागी उभे, त्यामुळे तुम्हाला न दिसणारा शत्रू जोडीदाराला दिसतो. एकानं गोळ्या भरायच्या, तोवर दुसऱ्यानं किल्ला लढवायचा. न बोलता हे जमणं अवघड.

आणि मला रस आहे तो नेमका या बोलण्यात. आपण मराठीत विचारायचं, मुलांनी इंग्रजीत उत्तर द्यायचं, हे तुमच्याही घरी चालत असेल. आमची चौदा वर्षांची कन्या गाडीत तासभर 'फाइन' आणि 'ओके'च्या पलीकडे जात नाही. मशीनसमोर मात्र, "बाबा, डावीकडे! वर, वर! अहो लपा ना!" आमचा नियम एकच: सूचना मराठीत. वाक्यं दोन-दोन शब्दांची, चूक काढायला कुणाला वेळ नाही, आणि डावं-उजवं चुकलं तर लगेच एक जीव जातो. शनिवारच्या मराठी शाळेची जागा यानं भरणार नाही, पण शाळेत असं ओरडायला कोण देतं?

सेगाच्या 'हाउस ऑफ द डेड'मध्ये दोघांचा पडदा एकच आणि गोळ्या सहा. पडद्याबाहेर नेम धरून चाप ओढला की त्या पुन्हा भरतात. मध्येच घाबरलेले शास्त्रज्ञ समोर येतात; त्यांना गोळी लागली तर तुमचाच जीव कमी होतो. मृत्यूनंतर चालणारी प्रेतं आणि रक्त भरपूर, म्हणून लहानांना हा नको. मुलांच्या हातात बंदूकच नको वाटत असेल तर तेही मी समजू शकतो. आजी-आजोबा आले असतील तर 'जुरासिक पार्क' बघा. समोर डायनोसॉर, बसायला बाक, पेडल नाही. गुडघ्यांची तक्रार नाही.

पैशाचं मात्र आत जाण्याआधीच ठरवा. आमच्याकडे प्रत्येकी दोन डाव. हरल्यावर पडद्यावर 'कंटिन्यू?' येतं आणि आकडे उलटे मोजायला लागतात. एमबीएला 'संक कॉस्ट' शिकायला आम्हाला अख्खं लेक्चर लागलं होतं, इथे ती काही सेकंदांत कळते. ते आकडे पळत असताना मुलांच्या चेहऱ्याकडे तेवढं बघू नका, नाहीतर हात खिशात जातोच.