मांजराचा मधुमेह

इंदुरातील पुष्कळ मराठी घरांतून मांजराला दूध-पोळीच घालतात. तेच मांजर पुढे सारखे पाणी पिऊ लागते, खात असूनही वाळत जाते आणि डॉक्टर मधुमेहाचे नाव घेतात. दवाखान्याच्या धास्तीनेही मांजराची रक्तशर्करा चढते. म्हणून लघवीतील साखर किंवा रक्तातील फ्रुक्टोसामाइन पाहूनच निदान पक्के करणे इष्ट.

मार्जार हा जातीचाच मांसाहारी. पिष्टमय अन्न त्याला फारसे मानवत नाही. शाकाहारी घराची अडचण खरी आहे, तथापि दूध-पोळी बंद करून, पिष्ट कमी असलेले डब्यातील ओले मांसान्न देण्यावाचून गत्यंतर नाही. उपाशी ठेवणे मात्र घातक. त्याने यकृतात चरबी साठते.

दुसरा आधार इन्शुलिनचा. १९२१ साली टोरांटोत लागलेल्या शोधाचे हे फळ बारीक सुईने, बहुधा दिवसातून दोनदा, कातडीखाली टोचतात. सुईची भीती मांजरापेक्षा यजमानालाच अधिक! खरी जोखीम निराळी आहे. आहार पालटताच इन्शुलिनची गरज घटते. जुनीच मात्रा चालू राहिली तर साखर एकाएकी उतरून मांजर झोकांड्या खाते. तेव्हा हिरड्यांना मध चोळून तत्काळ डॉक्टर गाठावा. मांजर जेवले नसेल तर त्यांना विचारल्याखेरीज सुई टोचू नये. महूला १९५५ पासून पशुवैद्यक महाविद्यालय असल्याने इंदूरकरांना सल्ला दूर नाही.

उपचार लवकर सुरू झाल्यास काही मांजरांचे इन्शुलिन काही महिन्यांत सुटतेही. दूध-पोळीची वाटी मात्र पुन्हा मांडावयाची नाही.