दाताची चतुःसीमा

माढ्यातल्या शेतकऱ्याला खरेदीखत कसे वाचावे हे शिकवावे लागत नाही. गट नंबर पाहायचा, मग चतुःसीमा: पूर्वेला कोणाचे रान, पश्चिमेला ओढा की रस्ता. दंतवैद्य दाताचा पत्ता असाच लिहितात, आधी नंबर आणि मग शेजार.

दाढेची गालाकडची बाजू ‘बकल’, जिभेकडची ‘लिंग्वल’. वरच्या दाढेला आतून टाळूचा शेजार, म्हणून तिथे ‘पॅलेटल’. पुढच्या दातांना बाहेरून ओठ असतो, म्हणून ‘लेबियल’. दाढेची चावण्याची बाजू ‘ऑक्लुजल’. बीडीएसच्या पहिल्या वर्षी मेणाचे दात कोरता कोरता ही नावे पाठ होतात.

विद्यार्थी अडखळतात ते उरलेल्या दोन बाजूंपाशी. त्यांना सरळ ‘पुढची’ आणि ‘मागची’ का म्हणत नाहीत? कारण जबडा घोड्याच्या नालासारखा वळलेला असतो. दाढेची जी बाजू पुढे असते, तीच पटाशीच्या दाताला कडेला येते. म्हणून मोजायचे ते कमानीवरून: चेहऱ्याच्या मध्यरेषेकडची बाजू ‘मेसियल’, तिच्यापासून दूरची ‘डिस्टल’. ओळीत एकाच्या डिस्टलला पुढच्याची मेसियल भिडते. अपवाद फक्त मधल्या दोन दातांचा. तिथे मेसियलला मेसियल टेकते.

या दोन बाजूच सगळ्यात फसव्या. दोन दात जिथे टेकतात, तिथे लागलेली कीड आरशात दिसत नाही आणि खोल जाईपर्यंत बहुधा दुखतही नाही. ती सापडते एक्स-रेमध्ये. माढ्याहून सोलापूरला पाठवलेल्या रुग्णाच्या चिठ्ठीवर मग ‘46, डिस्टल’ असे लिहिलेले असते. हा आकडा ‘चार-सहा’ असा वाचायचा: 4 म्हणजे खालचा उजवा भाग, 6 म्हणजे मध्यरेषेपासून सहावा दात. उजवा रुग्णाचा, समोरच्या डॉक्टरचा नव्हे.

चिठ्ठीत नुसते ‘खालच्या उजव्या दाढेत कीड’ असते, तर? 46ची डिस्टल आणि 47ची मेसियल एकमेकींना चिकटलेल्या. बांध ओळखण्यात चूक झाली, तर धडधाकट दाढ कोरली जाते, आणि कोरलेले इनॅमल पुन्हा वाढत नाही. म्हणून खुर्चीत बसल्यावर ‘कोणता दात, कोणती बाजू?’ असे विचारायला आणि एक्स-रेवर ती जागा बघायला रुग्णाने संकोचू नये.

घरी मात्र या बांधापर्यंत ब्रशचे केस पोचत नाहीत. तिथे दोन दातांच्या मधून फिरवायचा धागा, म्हणजे फ्लॉस, लागतो.