आधी शिक्का, मग शिक्षा

४ डिसेंबर १८३८ च्या पहाटे डेट्रॉईट नदी ओलांडून हत्यारबंद माणसांची एक टोळी कॅनडातल्या विंडसर गावात उतरली. ब्रिटिश सत्ता उलथवायला निघालेले कॅनडातले फरारी बंडखोर आणि त्यांचे अमेरिकी साथीदार तिच्यात होते. त्यांनी सैनिकांची बराक जाळली, ‘थेम्स’ ही आगबोट पेटवली आणि डॉक्टर जॉन ह्यूम यांचा जीव घेतला. स्वतःला ते ‘देशभक्त’ म्हणवत. सरकारच्या लेखी ते ‘लुटारू’ आणि ‘चाचे’ होते. हल्ला त्याच दिवशी मोडला. स्थानिक सैन्याचे कर्नल जॉन प्रिन्स यांनी हाती लागलेल्या काही कैद्यांना खटल्याविनाच गोळ्या घालायला लावल्या. पुढे चौकशी झाली, पण प्रिन्स निर्दोष ठरले. युद्धकैद्याला मारताना कारण द्यावे लागते. लुटारूच्या बाबतीत ‘लुटारू’ हेच कारण पुरले. युद्धकाळातल्या शिक्क्यांचा खरा धोका इथे आहे. जो निवाडा चौकशीनंतर व्हायचा, तो शब्दातच आधी उरकलेला असतो.

मराठी वाचकाला हा खेळ नवा नाही. १८५७ चा उठाव इंग्रजांच्या लेखी ‘शिपायांचे बंड’ होता. १९०९ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात सावरकरांनी त्याला ‘स्वातंत्र्यसमर’ म्हटले. वासुदेव बळवंत फडके सरकारसाठी दरोडेखोर होते, आपल्यासाठी आद्य क्रांतिकारक. म्हणून कोणी विचारील, डॉक्टरला मारणाऱ्याला लुटारू म्हटले तर बिघडले काय? त्याच्या कृत्यावर पांघरूण घालायचे का? मुळीच नाही. जाळपोळीला जाळपोळ आणि खुनाला खूनच म्हणावे. हे शब्द कृत्य सांगतात आणि पुरावा मागतात. ‘देशभक्त’ या शब्दाआड ह्यूम यांचा खून झाकला जातो, तर ‘लुटारू’ या शब्दाआड कैद्यांची हत्या. दोन्ही शब्द आपल्याला पुढचा प्रश्न विचारू देत नाहीत.

संकटाच्या वेळी एकेकाची चौकशी करायला सवड कुठे असते, हा आक्षेप अधिक वजनदार आहे. त्याचे उत्तरही कॅनडाच्याच इतिहासात आहे. १० जून १९४० रोजी इटली युद्धात उतरली आणि कॅनडाने सुमारे ३१,००० इटालियन वंशाच्या लोकांवर ‘शत्रुदेशीय परकी’ असा शिक्का मारला. सहाशेच्या आसपास लोक छावण्यांत डांबले गेले. विंडसरच्या इटालियन वस्तीतूनही माणसे उचलली गेली. डांबलेल्यांपैकी एकावरही न्यायालयात गुन्हा शाबीत झाला नाही. म्हणजे घाईने देश सुरक्षित झाला नाही. नुसती घरे उद्ध्वस्त झाली. २७ मे २०२१ रोजी पंतप्रधान जस्टिन ट्रुडो यांनी संसदेत माफी मागितली, तोवर ऐंशी वर्षे उलटली होती.

आजही कुठे तोफा धडाडू लागल्या की ‘देशद्रोही’, ‘हस्तक’, ‘फॅसिस्ट’ हे शब्द सर्रास फेकले जातात. असा शब्द कानावर पडला की वाचकांनी एवढेच विचारावे : या माणसाने नेमके केले काय, आणि पुरावा कोणता? उत्तर मिळेपर्यंत तो शब्द आपल्या तोंडी येऊ देऊ नये.