सूर्यास्तानंतरची वाळू

शाळांना सुटी लागली, की देशातील असंख्य कुटुंबे समुद्राची वाट धरतात. कोणी पुरीला जातात, कोणी दिघ्याला, कोणी कोवळमला. मराठी कुटुंबे, मग ती पुण्याची असोत, इंदूरची असोत वा बडोद्याची, बहुधा अलिबाग, गणपतीपुळे, तारकर्ली किंवा गोवा गाठतात. पूर्वी समुद्रावर जावयाचे म्हणजे एक पंचा आणि चिवड्याचा डबा एवढी तयारी पुरत असे. आता घडीच्या खुर्च्या, मोठी छत्री, लहानसा तंबू, हवा भरलेली चाके, मुलांच्या बादल्या आणि फावडी असा सारा संसारच वाळूवर मांडला जातो.

मुक्काम दोन-तीन दिवसांचा असला, म्हणजे सायंकाळी एक विचार हटकून मनात येतो. उद्या सकाळी पुन्हा येथेच यावयाचे आहे. मग हे ओझे खोलीपर्यंत कशाला वाहून न्यावयाचे? राहू द्यावे येथेच. जागाही अडवून ठेवली जाईल. चोरीची थोडी भीती सोडली, तर यात कोणाचे काही बिघडते असे आपणास वाटत नाही. आपण निघून गेलो, की किनारा रिकामा झाला, अशी आपली समजूत असते. वाचकहो, ही समजूत किती अपुरी आहे, ते येथे पाहावयाचे आहे.

प्रथम समुद्राचाच विचार करू. आपल्या किनाऱ्यांवर दिवसातून साधारणतः दोनदा भरती येते, आणि तिची वेळ रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते. कोकणातील जुनीजाणती माणसे तिचा हिशेब तिथीवरून करतात. तिथीच्या अंकाची पाऊणपट केली, की पूर्ण भरतीची वेळ ढोबळमानाने मिळते. चतुर्थीला तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या सुमारास, आणि पौर्णिमा-अमावास्येला बाराच्या आगेमागे. ही वेळ दिवसा तशीच रात्रीही धरावयाची. आता पौर्णिमेची सायंकाळ डोळ्यांपुढे आणा. सहा वाजता ओहोटी असते आणि पुळण दूरवर उघडी पडलेली असते. खुर्च्या मांडल्या ती जागा अगदी निर्धोक वाटते. परंतु पौर्णिमेच्या सुमाराची भरती ही उधाणाची भरती. मध्यरात्री तीच जागा पाण्याखाली जाऊ शकते. सकाळी खुर्ची सापडली नाही, तर आपण चोराला दोष देतो. ती बहुधा समुद्रात गेलेली असते आणि तेथे कचरा होऊन राहते. पूर्व किनाऱ्यावर मात्र हे पाऊणपटीचे गणित चालत नाही. तेथे स्थानिक कोळ्यांनाच विचारावे.

पहाटे याच वाळूवर माणसांचे काम सुरू होते. सिंधुदुर्गात आणि गोव्यात रापणीची मासेमारी पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. होडीतून जाळे अर्धवर्तुळाकार सोडतात आणि त्याची दोन्ही टोके किनाऱ्यावरून अनेक माणसे मिळून ओढतात. ओढणारे पाठमोरे मागे सरकत असतात. त्यांच्या वाटेत तंबूची खुंटी किंवा ताणलेली दोरी आली, तर पाय अडखळतो. खुर्चीच्या लोखंडात जाळे अडकले, तर ते फाटते. आपण ज्या जागेवर सुटी घालवितो, ती त्यांची रोजीची जागा आहे.

या दोहोंच्या मधल्या अंधारात किनाऱ्यावर येणारी एक पाहुणी मात्र बहुतेकांना ठाऊक नसते. ऑलिव्ह रिडले जातीची समुद्रकासवे आपल्या पश्चिम किनाऱ्यावर मुख्यतः नोव्हेंबर ते मार्च या काळात अंडी घालावयास येतात. चाळीसएक किलो वजनाची मादी रात्री पाण्यातून निघते आणि भरतीच्या रेषेपलीकडील कोरड्या वाळूपर्यंत स्वतःला ओढत नेते. मागील वल्ह्यांनी ती सुमारे दीड फूट खोल खड्डा करते, शंभरएक अंडी घालते, वाळूने ती झाकते आणि तासाभरात समुद्रात परतते. पोहण्यासाठी घडलेले तिचे ते वल्ह्यांसारखे पाय वाळूवर फारसे कामाचे नसतात. मागे सरकणे तर तिला फारच कठीण. वाटेत खुर्च्यांची रांग किंवा तंबू आडवा आला, तर पुष्कळदा ती अंडी न घालताच परत फिरते. खुर्चीच्या सांगाड्यात किंवा दोरीत अडकली, तर सुटता न आल्याने तेथेच थकते, आणि दिवसाच्या उन्हात तिच्या जिवावर बेतते.

साधारण ४५ ते ६० दिवसांनी पिले बाहेर पडतात. लांबीने दोन इंचही नसतात. ती सहसा रात्री निघतात आणि ज्या दिशेला क्षितिज अधिक उजळ दिसेल तिकडे धावतात. निसर्गतः ही दिशा समुद्राची असते. किनाऱ्यावर विजेचे दिवे किंवा शेकोटी असली, म्हणजे पिले उलट वळतात. मुलांनी खणून तसाच सोडलेला खड्डा त्यांच्या दृष्टीने विहीरच होय. त्यात पडलेले पिलू सकाळी कावळ्यांच्या किंवा कुत्र्यांच्या तोंडी जाते.

या कासवांसाठी आपल्या देशात किती माणसे रात्री जागतात, हेही जाणून घेण्यासारखे आहे. ओरिसात, म्हणजे आजच्या ओडिशात, ऋषिकुल्या नदीच्या मुखाजवळ २०२३ साली सहा लाखांहून अधिक माद्यांनी अंडी घातल्याची नोंद झाली. चेन्नईत १९८८ पासून विद्यार्थी हंगामात रात्री मैलोगणती किनारा चालून घरटी शोधतात. रत्नागिरी जिल्ह्यातील वेळास येथे २००२ पासून ग्रामस्थ आणि निसर्गप्रेमी अंडी सुरक्षित कुंपणात ठेवून पिले समुद्रात सोडतात. गोव्यात मोरजी, आगोंद आणि गालजीबाग येथे वनखात्याचे रक्षक पहारा देतात. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने या प्राण्याला पहिल्या अनुसूचीत स्थान दिले आहे. त्याला किंवा त्याच्या अंड्यांना इजा करणे हा गुन्हा आहे.

खड्ड्याचा धोका माणसालाही आहे. ओल्या वाळूच्या भिंती उभ्या राहतात, पण वाळू सुकली, की त्या क्षणात ढासळतात. अमेरिकेत फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर फेब्रुवारी २०२४ मध्ये सात वर्षांची एक मुलगी अशाच खड्ड्यात गाडली जाऊन मरण पावली. म्हणून लहान मुलाच्या गुडघ्याहून खोल खड्डा खणू देऊ नये, आणि निघण्यापूर्वी प्रत्येक खड्डा बुजवावा.

त्याच देशात अलाबामा राज्यातील गल्फ शोअर्स आणि ऑरेंज बीच या गावांनी यावर सरळ उपाय केला आहे. सूर्यास्तानंतर तासाभराने वाळूवर राहिलेले तंबू, खुर्च्या इत्यादी सामान नगरपालिकेचे कामगार उचलून नेतात. आपल्याकडे असा नियम सर्वत्र नाही, पण किनारा मोकळा झाल्याने काय घडते, याचा दाखला मुंबईतच मिळतो. वर्सोव्याच्या किनाऱ्यावर कचऱ्याचे ढीग साचले होते. २०१५ साली अफरोज शाह या वकिलांनी तेथे सफाई आरंभिली आणि शेकडो नागरिक त्यांना येऊन मिळाले. मार्च २०१८ मध्ये त्याच वाळूतून ऑलिव्ह रिडलेची पिले समुद्राकडे निघालेली लोकांनी पाहिली.

आपणास करावयाचे ते फार थोडे आहे. सूर्य मावळण्यापूर्वी अर्धा तास हातात ठेवावा. वडीलधाऱ्यांनी खुर्च्या आणि छत्र्या घडी कराव्यात. मुलांनी आपली खेळणी मोजून पिशवीत भरावी, खड्डे बुजवावेत, वाळूचे किल्ले सपाट करावेत. दोऱ्या, खुंट्या आणि प्लॅस्टिकच्या पिशव्या यांवर शेवटची नजर फिरवावी. ओझे फारच वाटत असेल, तर एखाद्या जवळच्या दुकानदाराला किंवा मुक्कामाच्या घरमालकांना विचारून सामान त्यांच्या पडवीत ठेवावे. सहसा कोणी नाही म्हणत नाही.

आणि रात्री फेरफटका मारताना कधी कासवीण दिसलीच, तर आहात तेथेच स्तब्ध उभे राहावे. दिवा लावू नये, छायाचित्रासाठी प्रकाश पाडू नये, तिच्या पुढे जाऊ नये. पिले दिसली, तर ती हाताने उचलून पाण्यात सोडण्याचा मोह आवरावा आणि गावातील वनरक्षकास कळवावे. मुलांना मात्र दुरून पाहू द्यावे. दुसऱ्या दिवशी सायंकाळी सामान आवरा, असे त्यांना सांगण्याची वेळ बहुधा येणार नाही.