पहिल्या तासाचे दूध

गाय किंवा म्हैस व्याली, की तिचा चीक शेजारीपाजारी अगत्याने पोहोचविला जातो. त्याचा खरवस होतो, आणि ज्याच्या वाट्याला तो येतो तो स्वतःला भाग्यवान समजतो. परंतु याच देशात स्त्री प्रसूत झाली, की तिचे पहिले पिवळसर, दाट दूध जड किंवा वाईट ठरवून अनेक घरांत पिळून टाकले जाते. जनावराचा चीक पक्वान्न आणि आईचा चीक त्याज्य, ही विसंगती क्षणभर गमतीची वाटली, तरी तिची किंमत नवजात बालक मोजत असते.

हा चीक अगदी मोजका असतो. पहिल्या दिवशी एका वेळेस जेमतेम चमचाभर. नवजात बालकाची भूकही तेवढीच असल्याने तो पुरतो. रोगजंतूंना अटकाव करणारी प्रतिद्रव्ये त्यात विपुल असतात आणि ती बालकाच्या आतड्यांचे रक्षण करतात. मातेलाही याचा लाभ मिळतो. बाळ चोखू लागले, की तिच्या शरीरात ऑक्सिटोसिन हे संप्रेरक स्रवते. त्याने पान्हा फुटतो, गर्भाशय आकुंचन पावते आणि रक्तस्राव आटोक्यात राहण्यास साहाय्य होते. म्हणूनच जन्मानंतर एका तासाच्या आत स्तनपान सुरू करावे, असा जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला आहे. घाना देशाच्या ग्रामीण भागातील सुमारे ११,००० बालकांचा अभ्यास २००६ साली प्रसिद्ध झाला. सर्व बालकांना पहिल्या तासात स्तनपान मिळाले, तर नवजात बालकांचे २२ टक्के मृत्यू टळू शकतील, असा त्याचा निष्कर्ष होता.

प्रसूती रुग्णालयात होऊ लागल्या, की हे सारे आपोआप साधेल, अशी अपेक्षा होती. ती फलद्रूप झाली नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार २०१५-१६ मध्ये ७८.९ टक्के प्रसूती संस्थांत झाल्या. २०१९-२१ मध्ये हे प्रमाण ८८.६ टक्क्यांवर गेले. परंतु पहिल्या तासात स्तनपान मिळालेल्या बालकांचे प्रमाण ४१.६ वरून केवळ ४१.८ झाले. प्रांताप्रांतांतही मोठे अंतर आहे. महाराष्ट्रात ते निम्म्याहून थोडे अधिक, तर उत्तर प्रदेशात एक-चतुर्थांशाच्याही आत आढळले.

मुंबईसारख्या शहरातील प्रसूतिगृहात हे दोन्ही प्रांत शेजारशेजारच्या खाटांवर भेटतात. पोटासाठी दूरदेशी आलेल्या कुटुंबातील बाळंतीण आपल्याबरोबर गावची शिकवणही आणते. नणंदेने छाती धुण्याचा विधी केल्यावाचून बाळाला पाजायचे नाही, ही रीत उत्तरेकडील अनेक घरांत आहे. आता नणंद राहिली गावी. मग बाळाला तोवर मध किंवा घुटी चाटविली जाते. शेजारच्या खाटेवरील स्थानिक बाळंतिणीने मात्र गर्वाने पाहू नये. बाळगुटी आणि मधात उगाळलेले सोने तिच्याही घरी वाट पाहत असते. भेद असतो तो आधाराचा. एकीजवळ आई असते, परिचारिकेची भाषा तिला कळते. दुसरीला शंका विचारायलाही शब्द सापडत नाहीत.

स्थलांतराचा परिणाम मात्र सर्वत्र सारखा नसतो. २००० ते २००२ या काळात ब्रिटनमध्ये जन्मलेल्या बालकांच्या अभ्यासात अल्पसंख्य वांशिक गटांतील ८६ टक्के मातांनी स्तनपान सुरू केले होते. गोऱ्या ब्रिटिश व आयरिश मातांत हे प्रमाण ६९ टक्के होते. परंतु बाहेरून आलेल्या मातेचा तेथील मुक्काम पाच वर्षांनी वाढला, की तिने चार महिने तरी पाजण्याची शक्यता ५ टक्क्यांनी घटे. तेथे नव्या भूमीत चांगली सवय क्षीण झाली. येथे नव्या भूमीत अनिष्ट रूढी सुटण्याची संधी आहे. चाल वाईट असो वा चांगली, ती स्थळ आणि सोबत यांप्रमाणे बदलते, हाच दोहोंचा बोध.

उपायांची वाण नाही. १९८९ साली जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांनी प्रसूतिगृहांसाठी दहा सूत्रे सांगितली. जन्मताच बाळ आईच्या उघड्या छातीवर ठेवावे, माता व बालक एकाच खोलीत असावीत, वैद्यकीय कारणावाचून वरचे काही देऊ नये, ही त्यांतील काही. त्याच वर्षी मुंबईच्या शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांच्या पुढाकाराने मातृदुग्धपेढी उघडली. भुकटीच्या दुधाच्या जाहिरातींना १९९२ च्या कायद्याने आळा घातला, आणि २०१६ साली केंद्र शासनाने 'मा' हा कार्यक्रम सुरू केला.

तथापि सूत्रे भिंतीवर टांगून बाळाचे पोट भरत नाही. शस्त्रक्रियेने प्रसूत झालेल्या थकल्या मातेजवळ कुणीतरी थांबावे लागते. बाळ छातीशी नीट धरून द्यावे लागते. आणि तिच्या बोलीत चार शब्द बोलावे लागतात. 'पहिले दूध टाकू नकोस, तेच बाळाचे पहिले औषध आहे,' एवढे वाक्य भोजपुरी, कन्नड वा तेलुगू भाषेत म्हणता येणारी परिचारिका त्या तासात मोठे कार्य करून जाते. खरवसाची चव जाणणाऱ्या समाजाला आईच्या चिकाचे मोल पटविणे अवघड नसावे. मात्र ते पहिला तास सरण्यापूर्वी पटविले पाहिजे.